डोंगर बंद करणाऱ्यांना

दिवाळी आली की आमच्या कोल्हापुरात दारोदार किल्ले उभे राहतात. विटांचे तुकडे, दगड, जुनी पोती, वर मातीचा लेप, त्यावर पेरलेली मोहरी, आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एका पोराने मला हात धरून ओढत नेले. "सर, पन्हाळा केलाय. बघायला चला." पन्हाळा खरोखर छान झाला होता. अंबरखाना होता, सज्जाकोठी होती, तीन दरवाजा होता. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळाही आहे. त्याची पाटी त्याने सुवाच्य अक्षरांत लावली होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळ्या कागदाचा वळणावळणाचा डांबरी रस्ता होता, रस्त्यावर चार खेळण्यातल्या मोटारी होत्या, आणि वर 'पार्किंग' अशी दुसरी पाटी होती.

मी विचारले, "महाराज सिद्दीच्या वेढ्यातून रात्री ज्या वाटेने खाली उतरले, ती वाट कुठे रे?"

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सर, तिथनं गाडी जात नाही."

पोरगे खोटे बोलले नाही. त्याने जो पन्हाळा पाहिला तोच त्याने बांधला. राग आला तो मला त्याचा नव्हे, आमचा; म्हणजे त्याच्या आईबापांचा, त्याच्या शाळेचा आणि त्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांचा. त्या रागातून हा लेख लिहीत आहे. सणासुदीला असे कडू काही वाचायला देणे बरे नव्हे हे मला कळते. पण फराळाच्या ताटात एखादे कारले चालून जावे.

आधी माझी हकीकत सांगतो, म्हणजे मी कोणत्या तोंडाने बोलतो आहे ते वाचकांना कळेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एका लहानशा खाजगी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवतो, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि या दोहोंतून घर चालत नाही असे माझ्या पत्नीचे ठाम मत आहे. दरवर्षी वर्गातल्या मुलांना मी जोतिबाच्या डोंगरावर पायी नेत असे. एकदा नव्हे, वर्षातून चारदा. दोन वर्षांपूर्वी श्रावणात वीस मुलांना घेऊन गेलो असता उतरताना एक मुलगा शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि त्याचे मनगट मोडले. चूक माझी होती. मी सर्वांत पुढे दोन मुलींशी तेरड्याच्या फुलांविषयी बोलत चाललो होतो. मागे, जिथे धांदरट पोरे असतात तिथे, मी असायला हवे होते. हे मी त्याच दिवशी त्याच्या वडिलांना सांगितले, आजही सांगतो.

पुढच्या आठवड्यात शाळेत बैठक झाली आणि पाच मिनिटांत निर्णय झाला: डोंगर बंद. सहल काढायची तर बसमधून, आणि बस थेट देवळाच्या जवळ जाईल अशी. शाळेचे नाव मी घेत नाही. शाळा चांगली आहे, माणसेही चांगली आहेत. पण चांगल्या माणसांनी घाबरून घेतलेले निर्णय फार टिकतात.

त्या निर्णयानंतरची पहिली सहल मीच नेली. घाटात सात मुले ओकली. वर पोचल्यावर अर्धा तास दर्शन, अर्धा तास पेढे आणि खेळणी, मग हजेरी, मग पुन्हा घाट. दुसऱ्या दिवशी मी निबंध लिहायला दिला. एकूण एक निबंध पेढ्यांवर होते.

आता ज्यांनी ही चढण पायी केली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. जोतिबा, म्हणजे वाडी रत्नागिरी, शहराच्या वायव्येला सतरा-अठरा किलोमीटरांवर. डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट. परंतु कोल्हापूर शहरच मुळी अठराशे फुटांच्या वर वसलेले, तेव्हा प्रत्यक्ष चढ बाराशे-तेराशे फुटांचा. हिमालय पाहिलेल्याने हसावे इतका. पण शिवाजी पूल ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे असे गावांमागून गाव चालत आलेल्या माणसाने गायमुखाशी उभे राहून वर पाहावे. हसू येत नाही. उभी चढण, काळा दगड, आणि कुठेतरी वर ढगात गेलेले शिखर. राणोजी शिंद्यांनी १७३० साली आजचे देऊळ बांधले, दौलतराव शिंद्यांनी १८०८ त शेजारी केदारेश्वराचे बांधले, असे गॅझेटियरवाले लिहून गेले आहेत. मोटारीचा रस्ता आला तो यानंतर किती पिढ्यांनी! तोवर देवाला भेटायचे तर पाय हाच रस्ता होता.

आणि अजूनही आहे. माघात पाच रविवारांचे खेटे सुरू होतात. देव निघून चालला म्हणून करवीरची अंबाबाई अनवाणी त्याच्या मागे डोंगरापर्यंत गेली, अशी कथा आहे. तिच्या पावलांवर पाऊल टाकत कोल्हापूरची माणसे पहाटेच्या अंधारात अनवाणी निघतात. तालमीतली पोरे असतात, भाजीवाल्या असतात, सोनार असतात, वकीलही असतात. चैत्री पौर्णिमेला तर विचारूच नका. सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची मानाची सासनकाठी आणि तिच्यामागे गावोगावच्या उंचच उंच काठ्या तोलत माणसे हा डोंगर चढतात, आणि गुलालाने डोंगराचा रंगच बदलतो. ज्या गावाची माणसे एवढे लाकूड छातीवर तोलून चढतात त्याच गावातली शाळा म्हणते, पोराने वही-डबा घेऊन चढू नये!

"अहो, पण सुरक्षितता!" हा पहिला आक्षेप. तो मी हसण्यावारी नेत नाही, कारण एक मोडलेले मनगट माझ्या खात्यावर आहे. पण त्या मनगटाची पुढची गोष्ट ऐका. मुलाचा हात प्लॅस्टरमध्ये असताना त्याची आजी शाळेत आली. खेट्याला जाणारी बाई. किती वर्षे जाते ते तिचे तिलाच मोजता येत नाही. मला वाटले, आता माझी धिंड. ती मला म्हणाली, "मास्तर, श्रावणात कुणी दगडावर पाय ठेवतंय व्हय? कडंला, गवताच्या बुडख्यात ठेवायचा. दगडावर पाय ठेवायचा तो उन्हाळ्यात, तवा माती घसरती. एवढंबी पोरांस्नी सांगितलं न्हाईसा?"

मी सांगितले नव्हते, कारण मला ठाऊक नव्हते! इतकी वर्षे चढत होतो, पायांना कदाचित कळत असेल. तोंडाला कधी सांगता आले नाही. पावसाळ्यात दगड दगा देतो आणि गवताची मुळे माती धरून ठेवतात. उन्हाळ्यात माती भुसभुशीत होऊन खडीसारखी पायाखालून पळते आणि दगड सख्ख्या भावासारखा उभा राहतो. एकच वाट, पण चैत्रात जे पाऊल बरोबर, तेच श्रावणात चूक. हे ज्ञान कोणत्या इयत्तेच्या पुस्तकात आहे? ते त्या आजीच्या तळव्यांत आहे, आणि बस थेट देवळाशी गेली की ते तिच्याबरोबर संपेल.

धोका डोंगरात नसतो असे मी म्हणत नाही. असतो. पण बारा वर्षांच्या मुलाला शिक्षकांबरोबर, सावकाश, चारही ऋतूंत नेणे बंद केल्याने धोका जात नाही. तो फक्त पुढे ढकलला जातो. तेच मूल वीस वर्षांचे झाले की मोटारसायकलवर टांग टाकून भर आषाढात कुठल्या तरी कड्यावर जाते, पाठ दरीकडे करून मोबाईलवर छबी काढू पाहते, आणि मग वर्तमानपत्रात बातमी येते. त्या बातम्या वाचून आपण म्हणतो, "हल्लीची पोरे!" त्या पोरांना ओला दगड कुणी, कधी दाखवला होता?

येथे त्या दुसऱ्या मंडळींविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे, जे स्वतःला डोंगरवेडे म्हणवतात. ही मंडळी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उगवतात आणि गणपती येईपर्यंत मावळतात. धबधबा, धुके, कणीस, भजी, गळ्यात लटकवलेला गाण्यांचा डबा. यांचे डोंगरावर प्रेम आहे म्हणे! माहेराहून डबा आला तरच बायकोशी गोड बोलणाऱ्या नवऱ्याचे जेवढे बायकोवर असते, तेवढे यांचे डोंगरावर असेल. वैशाखातला डोंगर यांनी पाहिलेला नसतो, म्हणून बाटली जिथे टाकली तिथे ती पुढचे आठ महिने उघडी पडून राहते हेही यांना दिसत नाही. पावसाळ्यात गवत सगळे झाकते. शिमग्यानंतर गवत वाळते, कुठे वणवा लागतो, आणि काळ्या राखेत अर्धवट वितळलेल्या बाटल्या पडलेल्या असतात. मी मुलांना मुद्दाम फाल्गुनात नेत असे. एक शब्द बोलावा लागत नसे. उतरताना पोरे आपापल्या पिशव्या भरून आणत.

पण खरे सांगायचे तर मला सर्वांत प्रिय फेरी मार्गशीर्षातली. पहाटे साडेचारला निघायचे. कानटोप्या, मफलर, तोंडातून वाफ. गुऱ्हाळे चालू झालेली असतात; निगव्याच्या पुढे कुठेतरी उकळत्या रसाचा वास येतो आणि मुलांची चाल आपोआप मंदावते. मग चढ. अंगात ऊब येते, मफलर कमरेला जातात. सूर्य वर यायच्या सुमारास आपण निम्म्याहून वर असतो आणि तेव्हा मागे वळून पाहायचे. भूगोलाच्या पुस्तकात एक वाक्य असते: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची मिळून पंचगंगा होते, पाचवी सरस्वती गुप्त आहे. मुले ते घोकतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. एका मार्गशीर्षात माझ्या वर्गातली एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, त्या वळणावर थांबली आणि ओरडली, "सर, नद्या!" खाली सगळे खोरे स्वच्छ होते, आणि धुके फक्त पाण्यावर बसले होते. पांढऱ्या दोऱ्यांसारख्या नद्या पश्चिमेकडून येत होत्या, एकमेकींना मिळत मिळत प्रयाग चिखलीकडे जात होत्या. तिने एकेक दोरा बोटाने दाखवून नावे म्हटली. एक नाव चुकले, ते दुसऱ्याने दुरुस्त केले. मी गप्प उभा राहिलो. त्या दिवशी माझे पगारी काम धुक्याने केले.

आणि हीच मुले श्रावणात त्याच वळणावर उभी राहतात तेव्हा ते दोरे नसतातच. ढग फाटला तर क्षणभर मातकट पाणी पसरलेले दिसते, उसाचे शेंडे तेवढे वर. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत या पाण्याने काय केले ते कोल्हापूरकराला सांगायला नको. धोक्याची पातळी ४३ फूट, असे आकडे आपण रेडिओवर ऐकतो आणि घड्याळातल्या वेळेसारखे विसरतो. पण ज्याने मार्गशीर्षात नदीचा दोरा पाहिला आणि श्रावणात त्याच जागी पत्रा पाहिला, त्याला नदीपात्रात घर बांधू नये हे वेगळे शिकवावे लागत नाही. एकदाच जाणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. चित्र एक असले तर ते चित्रच. दोन असली की त्यांच्यामधले अंतर दिसू लागते.

उन्हाळ्याविषयी मुलांच्या आयांचा फार विरोध असतो. "ऊन लागेल हो!" लागते ना. म्हणून पहाटे निघायचे, दहाच्या आत वर पोचायचे, आणि ऊन कलल्यावर उतरायचे. पाणी किती लागते ते तेव्हाच कळते. पावसाळ्यात पोरे बाटलीतले पाणी एकमेकांच्या अंगावर उडवतात. वैशाखात तीच पोरे झाकणाने मोजून एकमेकांना देतात. करवंदीच्या जाळीत हात घालून ओरबाडून घेतात, ओठ काळे करतात. आणि झाडे झडल्यामुळे वाटेचा सगळा सांगाडा उघडा पडतो: कुठे दगड रचलेला, कुठे पाणी काढून दिलेले, कुठे शे-दोनशे वर्षांच्या पावलांनी पायरीला खळगा पडलेला. पुन्हा श्रावणात त्या खळग्यात पाणी साचलेले दिसले की मूल म्हणते, "हा तोच!" ओळख झाली, वाचकहो. एवढेच मला हवे होते.

तिसरे प्रतिपक्षी म्हणजे सोयीचे पुरस्कर्ते. यांच्याशी माझे भांडण अर्धेच आहे. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला, पोटुशी बाईला, अपंगाला देवाच्या दारापर्यंत मोटारीने जाता आलेच पाहिजे. रस्ता असावा, चांगला असावा. पण हे म्हातारे-कोतारे पुढे करून धडधाकट माणसे गाडीत बसतात, हे मात्र लबाडीचे आहे. चैत्रात त्या घाटात गाड्यांची रांग लागते, आणि तीत बसलेले पहिलवान गडी काच खाली करून म्हणतात, "रस्ता रुंद करायला पाहिजे." जोतिबाच्या विकासासाठी सरकारने २०२५ साली अडीचशे कोटींहून अधिक रुपयांचा आराखडा मंजूर केला. आनंद आहे. माझा प्रश्न एवढाच, की त्यातला एखादा रुपया गायमुखाच्या वाटेवरच्या निसटलेल्या दगडांसाठी, सावलीच्या चार झाडांसाठी, पिण्याच्या पाण्याच्या एका टाकीसाठी खर्ची पडणार आहे काय? आणि पडणार असेल, तर कृपा करून त्या वाटेला गुळगुळीत फरशी घालू नका. श्रावणात तिच्यावरून सगळा गाव घसरेल. घालायच्या आधी त्या आजीला विचारा.

मोटाररस्त्यावर फार भरवसा ठेवू नये हे खुद्द पन्हाळ्याने शिकवले आहे. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने गडाचा मुख्य रस्ता खचला आणि मोटारींची वाट कित्येक महिने बंद पडली. गडावर वस्ती आहे, तिला दूध हवे, औषध हवे, शाळा हवी. माणसे पायांवर आली. ज्यांच्या पायांना सवय होती त्यांचे निभावले. ज्यांची सवय सुटली होती त्यांनी फार सोसले.

आणि आता त्या पोराच्या मातीच्या किल्ल्याकडे पुन्हा येतो. आमच्या शाळेत पावनखिंडीचा धडा मी दरवर्षी शिकवतो. १६६० चा जुलै, आषाढातली ती रात्र, वेढा, शिवा काशीदाचे बलिदान, पालखी घेऊन चिखलातून पळणारे मावळे, मागे घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. मुले ऐकतात, त्यांचे डोळे भरून येतात, स्नेहसंमेलनात ती तलवारी घेऊन नाचतात. परंतु ज्या मुलाचा पाय ओल्या दगडावरून कधी सटकला नाही, ज्याने धुक्यात पुढच्या माणसाची पाठ दिसेनाशी झाल्यावर पोटात पडलेला खड्डा कधी अनुभवला नाही, त्याला मी 'रात्रभर चालले' हे शब्द कसे समजावून सांगू? त्याला ती गोष्ट बाहुल्यांचीच वाटणार. आम्ही मुलांना इतिहासाचा अभिमान शिकवतो आणि इतिहासाच्या वाटेवर पाऊल टाकायला बंदी करतो. असा अभिमान गुलालासारखा असतो. पहिल्या आंघोळीत जातो.

माझ्या शाळेने निर्णय बदललेला नाही. मी तीनदा अर्ज दिला, तिसऱ्या अर्जात अटीही लिहिल्या: दहा मुलांमागे एक मोठे माणूस, सर्वांत मागे मी स्वतः, पावसाळ्यात उतरताना दोरी, पायांत जुने बूट, आणि त्या आजीची एक तासाची शिकवणी. अर्ज फाइलीत आहे. शाळेचा शिक्षक म्हणून मला आता काही करता येत नाही. परंतु रविवारी मी शाळेचा नसतो.

तेव्हा ज्यांना मुलांना पाठवायचे असेल, त्यांनी मुलांबरोबर स्वतः यावे. नुसती मुले मी घेणार नाही. माघातल्या खेट्याच्या पहिल्या रविवारी पहाटे चार वाजता शिवाजी पुलाच्या अलीकडे मी उभा असेन. दोन भाकऱ्या, चटणी, पाण्याची बाटली आणि परत आणायला एक रिकामी पिशवी घ्यावी. गाण्यांचा डबा आणू नये. तो मनगटवाला मुलगा येणार आहे, मातीच्या पन्हाळ्याचा बांधकाम करणाराही येतो म्हणाला आहे. आजी तर पुढेच असतील, म्हणून उशीर करू नये. मी एकवेळ थांबेन. त्या थांबत नाहीत.